उचल ही गुंतवणूक नव्हे

बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे निघालं की असीरगडाच्या अलीकडे निंबोला लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, मागे शहरात यंत्रमागांचा खडखडाट, आणि या दोन्ही धंद्यांच्या मालकांच्या तोंडी सध्या एकच तक्रार: माणूस टिकत नाही. लग्नाच्या पंगतीत बसा, बागायतदाराच्या ओट्यावर बसा, नाहीतर लूमशेठच्या गादीवर. पाच मिनिटांत बोलणं तिथं येतं. तक्रार खरी आहे. घड कापायच्या दिवशी टोळी आली नाही किंवा पाळी सुरू होताना मागांपुढे कोणी उभं नसलं, तर काय होतं हे ज्याचं नुकसान होतं त्यालाच कळतं. तेव्हा तक्रारीची टिंगल मला करायची नाही. माझं भांडण आहे ते या तक्रारीची जी कारणं सांगितली जातात त्यांच्याशी. ती सांगायला सोपी आहेत, ऐकायला सोयीची आहेत, आणि जवळजवळ सगळीच चुकीची आहेत.

सगळ्यात लाडकं कारण म्हणजे सरकारी पैसा. इकडे मध्य प्रदेशात लाडली बहना, इच्छापूरची हद्द ओलांडली की रावेर-मुक्ताईनगरात लाडकी बहीण, वर रेशनचं धान्य. बाईच्या खात्यात घरबसल्या पैसे पडतात, मग कामाला येतंय कोण? हे म्हणणं केवळ आपल्या ओट्यांवरचं आहे असं समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी चेन्नईतल्या एका उद्योग परिषदेत जवळपास हेच सांगितलं: मजूर कामासाठी गाव सोडायला तयार नाहीत, आणि सरकारी योजना हे त्याचं एक कारण असावं. त्याच्या महिनाभर आधीच हे गृहस्थ आठवड्याला ९० तास काम करण्याच्या वक्तव्यामुळे गाजले होते, हेही जाता जाता आठवलेलं बरं.

हिशेबच करू. लाडली बहना जून २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला १,००० रुपये मिळत, त्याच वर्षी ते १,२५० झाले. म्हणजे दिवसाला ४१-४२ रुपये. एवढ्यात घरदार बसून खातं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आपल्या घरच्या किराण्याची यादी काढून पाहावी. नंतर ही रक्कम वाढली, तरी हिशेबात फार फरक पडत नाही. या पैशानं काम सुटत नाही. सुटते ती एक सक्ती. अंगात ताप असताना, मूल आजारी असताना, मिळेल त्या मजुरीवर आज गेलंच पाहिजे ही सक्ती एखाद्या दिवसापुरती सैल होते. मालकाला ज्याचा आळस म्हणून राग येतो तो बहुतेक वेळा हा साधा नकार असतो. आजवर तो करायची सोय नव्हती, आता थोडीशी झाली आहे. महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हाही शेतकऱ्यांनी हाच सूर लावला होता, की आता शेतावर कोणी येणार नाही. शेतं काही पडीक राहिली नाहीत.

आणि आळशी ठरवलेल्या या माणसाचं दिवाळीनंतर काय होतं तेही बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली कोरकू, बारेला, भिलाला कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड घालून ऊसतोडीला महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. शेकडो किलोमीटर. पाचटाच्या खोपीत राहतात, रात्री-अपरात्री गाडी भरतात, बाळंतपणंही फडात होतात. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. ‘मजूर घर सोडायला तयार नाही’ हे वाक्य या माणसांसमोर उभं राहून म्हणून दाखवावं. प्रश्न असा विचारायला हवा की हे कुटुंब एवढ्या लांब जातं आणि निंबोल्याच्या बागेत मात्र येत नाही, ते का? पण हा प्रश्न विचारला की बोट सरकारकडून वळून आपल्याकडे येतं, म्हणून तो विचारला जात नाही.

ही तक्रार किती जुनी आहे ते सांगतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आपल्याला हे नागपूर परकं नाही; बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं आणि १९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. गिरण्या मुंबईत काढायच्या असा सगळ्यांचा रिवाज असताना जमशेटजींनी कापूस पिकतो तिथली, जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली. तिथं भराव घालणं म्हणजे सोनं मातीत पुरणं, असं म्हणून एका सावकारानं पैसे द्यायचं नाकारल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात येते. गिरणी उभी राहिली, पण माणसं रोज येईनात. भोंग्यावर उठायची सवय मुंबईच्या गिरणगावात लागली होती, नागपुरात नव्हती. हाती चार पैसे आले की माणूस घरी बसे, शेतावर जाई, जत्रेला जाई. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले. त्यांना सूतगिरणीचा अनुभव नव्हता, पण माणसं सांभाळता येत होती. त्यांच्यापुढचा पेच आजच्या बागायतदारापुढच्या पेचापेक्षा वेगळा नव्हता. आणि तेव्हा ना लाडली बहना होती, ना रेशन, ना रोजगार हमी. तरीही तक्रार तीच. मग कारण योजना कशा असतील?

त्या काळच्या गिरणीमालकाकडे गैरहजेरीवर एक ठरलेलं औषध होतं: दंड. जमशेटजी आणि मेहता यांनी उलटी वाट धरली. नियमित येणाऱ्यांना वर्षातून एकदा समारंभ करून बक्षिसं, त्यात घड्याळं, कापड, रोख रक्कम. गिरणीत हवा खेळती आणि दमट राहावी म्हणून यंत्रणा, आग विझवायला छतातून पाणी फवारण्याची सोय; देशात या गोष्टी कोणाला ठाऊकही नव्हत्या. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी. १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला, म्हणजे एम्प्रेसनं कायद्याच्या २८ वर्षं आधी ती दिली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा. आणि हे धर्मादाय नव्हतं. जमशेटजी उत्तम नफा कमावणारे गिरणीमालक होते. माणूस रोज आला तर चात्या रिकाम्या फिरत नाहीत, हे त्यांना कळत होतं. निवृत्तीचा पैसा शेवटी मिळतो, अपघाताची भरपाई वाईट दिवशी मिळते, बक्षीस वर्षभर आल्यावर मिळतं. यातली एकही गोष्ट काम सुरू व्हायच्या आधी देऊन माणसाला बांधून ठेवणारी नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे त्यावरच सगळं येणार आहे.

कोणी म्हणेल, एम्प्रेस मिल आज कुठे आहे? नाही. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून सुटून महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आणि त्या जागेवर आता मॉल आहे. पण शंभराहून जास्त वर्षं चाललेली गिरणी निवृत्तिवेतन दिल्यामुळे बुडाली असं म्हणायचं, तर ज्यांनी कधी एक पैसा निवृत्तिवेतन दिलं नाही त्या मुंबईच्या गिरण्या कशानं बुडाल्या?

आता दुसऱ्या युक्तिवादाकडे, जो मला सगळ्यात जास्त चीड आणतो: ‘शिकवला की पळतो.’ पोराला माग चालवायला शिकवलं, हात बसला, की पलीकडच्या गल्लीत मीटरमागे चार पैसे जास्त मिळतात म्हणून गेला. केळीत पील काढायला, फण्या विरळायला, घडाला पिशवी चढवायला शिकवलं, की पॅकिंगवाल्या टोळीत गेला. मान्य, जातात. पण शिकवलं कोणी? बऱ्हाणपूरच्या यंत्रमागावर नवा पोरगा एखाद्या उस्तादाच्या बाजूला उभा राहून महिनोन्‌महिने शिकतो. तुटलेला धागा जोडणं, कांडी बदलणं, कापडातला दोष नजरेनं धरणं हे त्याला शिकवतो तो दुसरा कामगार, आपल्या मजुरीच्या वेळात. शिकणाऱ्याला त्या काळात जेमतेम चहापाण्याचे पैसे मिळतात. मालकाच्या वहीत शिक्षणाच्या नावानं एक रुपया पडलेला नसतो. जो खर्च केलाच नाही तो बुडाला म्हणून रडायचं कसं?

आणि तो जातो कारण शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर तुमच्याकडे त्याची किंमत एकच असते. तीन वर्षांचा कारागीर आणि तीन महिन्यांचा पोरगा, दोघांनाही मीटरचा दर सारखा. बागेत घड न घासता, चीक न सांडता उतरवणारा हात आणि कसाही कोयता मारणारा हात, दोघांचा रोज सारखा. परदेशी जाणारी केळी तेरा-तेरा किलोच्या खोक्यात भरतात तेव्हा सालीवरचा एक काळा ओरखडा फणीला खोक्यातून काढून स्थानिक बाजारात टाकतो. त्या दोन भावांतला फरक बागायतदाराला तोंडपाठ असतो. तो फरक ज्या हातामुळे वाचला त्याला त्यातलं काय मिळतं, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, की माणूस का गेला हेही कळेल.

या भागाच्या इतिहासात तर ‘पळतो’ या म्हणण्याचा उघड पराभव आहे. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून मोमीन विणकरांची कुटुंबंच्या कुटुंबं निघाली आणि मालेगाव, भिवंडी, बऱ्हाणपूर इथं येऊन वसली. त्याच्याही आधी सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए इथून गेला तेव्हा बऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तान, थेट पोलंड-मॉस्कोपर्यंत जातं अशी नोंद त्यानं केली. ही विणकर माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं टिकली आहेत. हातमाग गेला, यंत्रमाग आला, नोटबंदी आली, करोना आला, तरी ती इथंच आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी शेकडो कोस चालत येऊन या गावात घर केलं त्यांना ‘टिकत नाहीत’ म्हणणं, हे मला धाडसाचं वाटतं.

आता उचलीबद्दल. कारण इथं मालक छातीठोकपणे म्हणतो, ‘भाऊ, आम्ही माणसावर पैसा लावत नाही असं म्हणू नका. सालदाराला अखाजीला मोठी रक्कम मोजतो, लूमवाल्याला पेशगी देतो, ही गुंतवणूक नाही तर काय?’

नाही, ती गुंतवणूक नाही. खान्देश-निमाडात सालदाराचं वर्ष अक्षय्य तृतीयेपासून सुरू होतं हे नव्यानं सांगायला नको. वर्षाची रक्कम ठरते, त्यातला मोठा हिस्सा आधीच हातात येतो. पोरीचं लग्न, बापाचं आजारपण, मागच्या मालकाची बाकी, यांत तो तिथल्या तिथे संपतो. मग वर्षभर पहाटेची जनावरं, रात्रीची वीज आली की रात्रीचं पाणी, आणि मधल्या वेळात शेठ सांगेल ते. वर्ष अर्ध्यावर असताना तो निघाला तर राहिलेली रक्कम त्याच्या डोक्यावर. नवा मालक ती फेडतो आणि माणूस त्याच्याकडे जातो. म्हणजे बदलला काय? सावकार. ज्या व्यवहारात माणसाची किंमत त्याच्या राहिलेल्या कर्जावरून ठरते त्याला गुंतवणूक म्हणणं हा भाषेवर आणि अकलेवर दोन्हींवर अन्याय आहे.

कायद्याचं म्हणणंही याहून वेगळं नाही. वेठबिगारी पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेपायी ज्याला दुसरीकडे काम करण्याचं किंवा मनाला येईल तिथे जाण्याचं स्वातंत्र्य उरत नाही, किंवा ज्याला किमान वेतनाहून कमी घ्यावं लागतं, त्याचं काम ही वेठबिगारी, असं तो कायदा सांगतो. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलं काम म्हणजे सक्तीचं काम, असंही स्पष्ट केलं. ऊसतोडीवर अडकलेल्या आदिवासी मजुरांना सोडवून आणल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि मुकादमाला शिव्या देतो. मुकादम करतो तेच लहान मापानं आपल्या गोठ्यात चाललेलं असतं, हे मात्र दिसत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो: उचल मजूरही मागतो. किंबहुना उचल न देणाऱ्याकडे तो जातच नाही. ऊसतोडीची ओढ आहे ती याचीच. एकरकमी मोठा पैसा त्याला दुसरं कोणी देत नाही. बँक त्याला उभं करत नाही, बचतगटाचं कर्ज बायकोच्या नावावर आधीच असतं. म्हणून ‘उचल बंद करा’ एवढंच सांगून भागत नाही. कर्जाची गरज खरी आहे. चूक आहे ती कर्जाची फेड कामाच्या रूपानं घेण्यात. हे दोन्ही सोडवायची रीत मराठी मुलुखाला चांगली माहीत आहे. शिक्षकांच्या, एसटी कामगारांच्या, गिरणीकामगारांच्या पतपेढ्या काही आजच्या नाहीत. वीस-पंचवीस बागायतदारांनी आणि त्यांच्या मजुरांनी मिळून अशी एक पतसंस्था काढली, कर्ज तिचं, हप्ता तिचा, आणि नोकरी सुटली तरी हप्ता चालू, तर माणूस कोणाच्या दावणीला राहत नाही. मग तो तुमच्याकडे थांबला तर थांबायचं म्हणून थांबेल. या ‘थांबायचं म्हणून’ची भीती वाटते म्हणूनच उचल चालू राहते, असा माझा संशय आहे.

यंत्रमागात उचलीच्या जोडीला आणखी एक युक्ती आहे. कर्मचारी राज्य विमा दहा माणसांना लागू होतो, भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांना. म्हणून एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटले जातात, आणि कागदावर कुठल्याच कारखान्यात दहा माणसं भरत नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, बऱ्हाणपूर, सगळीकडे हीच तऱ्हा. विम्याचा मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आहे. तेवढे वाचवायला एवढा खटाटोप, आणि त्यापायी बारा तास कापसाच्या तुसात उभा राहणारा माणूस छातीत कफ झाला की सरकारी दवाखान्याच्या ओळीत जातो. पाळी बुडते, मजुरी बुडते, आणि पुन्हा उचल वाढते. वीज गेली, सूत आलं नाही, कापडाला उठाव नाही, तर त्या दिवसाचं नुकसान कोणाचं? मीटरवर मजुरी आहे ना, मग कामगाराचं. धंद्यातला सगळा धोका ज्याच्या अंगावर ढकलला तो पहिली संधी मिळताच गेला, तर त्यात आश्चर्य करण्यासारखं काय आहे?

उलट यंत्राकडे बघा. एप्रिल १९९९ पासून केंद्र सरकारनं वस्त्रोद्योगाला यंत्रं नवी करायला व्याजात सवलत दिली; तांत्रिक उन्नयन निधीची ती योजना. तेव्हापासून मालक मंडळी अर्ज करतात, प्रकल्प अहवाल करतात, बिनधोट्याच्या मागासाठी लाखांचं कर्ज काढतात, त्याचा घसारा दाखवतात. त्यालाच गुंतवणूक म्हणतात. बरोबरच आहे. पण ते लाखांचं यंत्र सकाळी ज्याच्या हाती देता, तो ‘आज आहे उद्या नाही’ अशा गणतीतला. यंत्राला तेल पाजायला माणूस ठेवायचा आणि माणसाला विमा द्यायला हात आखडायचा, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो ते मला कळत नाही.

जगातला याचा प्रसिद्ध दाखला हेन्री फोर्डचा. १९१३ मध्ये त्याच्या डेट्रॉइटच्या कारखान्यात सुमारे १४ हजार माणसं कामावर राहावीत म्हणून वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. कंटाळवाण्या सरकत्या पट्ट्यावर कोणी थांबेना. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाचा मेहनताना ५ डॉलर केला, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि दिवस आठ तासांचा केला. दोन वर्षांत माणसं जाणं फारच कमी झालं. पण फोर्डनं त्याला एक शेपूटही लावलं: कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे तपासणारा एक विभागच काढला. माणसात पैसा घातला म्हणून माणूस विकत घेतला असं समजणं, हा रोग उचलीचाच भाऊबंद. फोर्डची मजुरी घ्या, तपासनीस घेऊ नका.

आता हुकमाचं पान. सगळे मुद्दे संपले की समोरचा हसून म्हणतो, ‘नेपानगर बघा. सगळं दिलं होतं. काय झालं?’ हे पान जड आहे, कारण नेपानगर आपल्याच जिल्ह्यातलं, आणि आपल्यातल्या अनेकांचे काका-मामा तिथं नोकरीला होते. १९४७ मध्ये खासगी कंपनी म्हणून निघालेला हा कागद कारखाना १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारनं हाती घेतला. १९५६ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. इथल्या जंगलातला सलई आणि बांबू घेऊन देशाचा वृत्तपत्री कागद करायचा, ही कल्पना. रानात वसाहत उभी राहिली: क्वार्टर, शाळा, दवाखाना, क्लब, नळाचं पाणी. माणसं आली आणि राहिली. नोकरी सोडून कोणी जाईना.

आणि कारखाना आजारी पडला, हे खरं. पण कशानं? १९९० च्या दशकात वृत्तपत्री कागदाची आयात खुली झाली आणि परदेशी कागद स्वस्त पडू लागला. यंत्रं जुनी, कच्चा माल बदलत सलई-बांबूवरून रद्दीवर आलेला, निर्णय दिल्लीत. २०१६ मध्ये उत्पादन थांबवून नूतनीकरण सुरू झालं. २०१८ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या ४६९ कोटींच्या योजनेत सुमारे ९१ कोटी ४०० कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. या सगळ्या घसरणीत क्वार्टर आणि दवाखाना यांचा हात किती? शाळेच्या बाकांनी कागद महाग केला असं कोणाला सिद्ध करता येत असेल तर जरूर करावं. उलट, नेपानगरात जी एकच गोष्ट शेवटपर्यंत टिकली ती माणसं; टिकलं नाही ते यंत्र.

तरी नेपानगरातून एक बोचरी गोष्ट घेण्यासारखी आहे आणि ती माझ्या बाजूच्या लोकांनीही घ्यावी. घर, दवाखाना, शाळा दिली की माणूस थांबतो. पण तो वाढतो असं नाही. रुजू होताना जे काम येत होतं तेच निवृत्तीपर्यंत करत राहिलेला माणूस टिकून राहिला म्हणून धंद्याला फार काही मिळत नाही. टिकवणं आणि शिकवणं बरोबर चालायला हवं. आपल्याकडच्या मालकांना पहिलं नको असतं, कारण खर्च होतो. आणि दुसरं नको असतं, कारण पळतो. दोन्ही नको असतील तर मग माणसाची अपेक्षाही सोडावी.

राहिला लहानपणाचा बचाव. ‘टाटा मोठे, फोर्ड मोठा, आम्ही वीस मागवाले, दहा एकरवाले.’ लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, तेव्हा तेही मोठे नव्हते. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर मूठभर माणसांना घेऊन त्यांनी नांगराचा कारखाना सुरू केला, आणि कारखान्याबरोबरच माणसांची घरं, पाणी, वस्ती उभी केली. तुरुंग भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचं काम दिलं. किर्लोस्करवाडी मोठी झाल्यावर माणसांकडे बघू असं त्यांनी ठरवलं असतं, तर ती वाडी झालीच नसती.

खर्च येतो, हे मी लपवत नाही. नीट विमा, आठवड्याची भरपगारी सुटी, वीज गेलेल्या दिवशी निदान अर्धी मजुरी, कामात हात बसेल तसा वाढता दर: यातलं काहीच फुकट होत नाही. आणि एवढं करूनही काही माणसं जातील. जाऊ द्यावीत. पण ज्या बागेतून माणूस चांगल्या शब्दानं गेला तिथं त्याचा मावसभाऊ येतो. जिथून तो रात्रीच्या अंधारात उचल बुडवून पळाला त्या गावात पुढची तीन वर्षं त्याच्या पाड्यातलं कोणी फिरकत नाही. मजुरांच्या पाड्यांत आपली नावं काय भावानं चालतात, याची चौकशी बागायतदार कधी करत नाहीत. केली तर बरेच गैरसमज दूर होतील.

येत्या अखाजीला सालदाराशी बसाल तेव्हा वहीतल्या एका ओळीवर अंगठा घेऊन थांबू नका. एक कागद करा. वर्षाची मजुरी किती, महिन्याला कधी मिळणार, सुटी कोणती, आजारी पडला तर काय, कर्ज घेतलं असेल तर ते वेगळं किती आणि त्याचा कामाशी संबंध नाही, आणि पुढच्या वर्षी काम चांगलं असेल तर किती वाढणार. दोघांनी सही करा, एक प्रत त्याच्याकडे द्या, आणि त्यात लिहिलंय ते वर्षभर पाळा. एवढं करूनही तो श्रावणात निघून गेला, तर निंबोल्याच्या चौकात मला खुशाल अडवा आणि जाब विचारा.